सुपेकर बाईंचं हजेरीपुस्तक

सुपेकर बाईंच्या हजेरीपुस्तकात विद्यार्थ्याच्या रकान्यात नाव होतं वकील, आणि वडिलांच्या रकान्यात माझं. पहिल्या दिवशी मी मैदानात गेलो तेव्हा बाईंनी मान वर न करता विचारलं होतं, "पूर्ण नाव?"

"विलास गोरे," मी म्हणालो.

"तुमचं नाही. त्याचं."

"वकील."

"वडिलांचं नाव?"

कुत्रं आमच्या मुलीनं, मुक्तानं, एस. टी. स्टँडच्या मागून उचलून आणलेलं. "माहीत नाही, बाई."

"मग तुमचंच लिहिते," असं म्हणून त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं. त्या दिवसापासून कर्जतमध्ये एका ठिकाणी तरी माझी ओळख 'वकिलाचे पालक' अशी झाली.

कुत्र्याला वकील हे नाव का, ते सांगायला हवं. तो संपूर्ण काळा होता आणि गळ्याखाली तेवढे दोन पांढरे पट्टे. कोर्टासमोर माझं झेरॉक्सचं दुकान. दिवसभर गळ्याला पांढरी पट्टी लावलेली काळ्या कोटातली माणसं बघून मुक्तानं ते नाव ठेवलं आणि आम्ही सगळे हसलो. या नावानं त्याला चारचौघांत हाकाही माराव्या लागतील, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. "वकील, तोंडातलं टाक," "वकील, दुसऱ्याच्या ताटात बघू नकोस," हे मी दिवसातून दहा वेळा कोर्टाच्या फाटकाकडं तोंड करून ओरडत असे. एक ज्येष्ठ वकीलसाहेब पंधरा दिवस माझ्या दुकानात आले नाहीत. शेवटी मी कुत्र्याला घेऊन त्यांच्याकडं गेलो आणि रीतसर ओळख करून दिली.

वकिलाचं कशावर लक्ष नसायचं असं नाही. सगळ्यावर असायचं, तीच अडचण होती. उडणारी पिशवी, कोंबडी, ट्रॅक्टरवरचा कर्णा, स्वतःच्या शेपटीची सावली, यातलं काहीही त्याला सारखंच महत्त्वाचं वाटे. एकदा एक म्हातारे शेतकरी वाटणीच्या कागदांच्या झेरॉक्स काढायला आले होते. तेवढ्यात कोर्टाच्या भिंतीवर पारवा बसला. वकिलानं काउंटरवरून उडी मारली ती कागदांसकट, आणि समोरून एस. टी. येत होती. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला म्हणून वाचला. कागद चहाच्या टपरीमागं सापडले. हद्दीच्या नकाशावर मधोमध चिखलाचा पंजा उमटला होता. म्हाताऱ्यानं तो बराच वेळ निरखला आणि म्हणाला, "आता ह्येचा बी हिस्सा धरावा लागतोय जनू."

माझी बायको सुनंदा त्या वेळी दुकानातच होती. ती हसली नाही. रात्रीच्या जेवणाला तिनं शांतपणे सांगितलं, "अहो, हा एक दिवस गाडीखाली जाईल आणि त्याला धरायला धावणारे तुम्ही पण जाल. दिवाळीपर्यंत बघते. नाही सुधारला तर खर्ड्याला आमच्या दादाच्या मळ्यात सोडून या."

दादाचा मळा चांगला होता. पण त्या हंगामात त्या बाजूला बिबट्या फिरत होता आणि शेजारच्या वस्तीवरची दोन कुत्री गेली होती. दुसरं कुत्रं निदान पळालं तरी असतं. आमचा वकील बिबट्याची ओळख करून घ्यायला शेपटी हलवत गेला असता. मुक्ता दोन दिवस आईशी बोलली नाही. मी तिसऱ्या दिवशी लिंबूबागवाल्या ढेरे अण्णांच्या सांगण्यावरून सुपेकर बाईंच्या वर्गात नाव घातलं.

बाईंनी जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरीभर पहिलीचाच वर्ग शिकवला होता. मुख्याध्यापिका व्हा म्हणून सांगितलं तेव्हा त्यांनी म्हणे लेखी नकार दिला होता. अंगानं काटकुळ्या, उंचीनं माझ्या खांद्याएवढ्या. खळ केलेलं सुती पातळ, खाली पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. मुठीत खडूचा तुकडा कायम. मैदानात फळा नव्हता, तरी खडू असायचा. बोलणं एरवी पुस्तकातल्यासारखं शुद्ध, पण राग आला की गावाकडचं. त्यामुळं बाईंच्या तोंडून 'न्हाई' ऐकू आलं की सगळे सावध होत.

कुत्र्यांकडं त्या वळल्या त्याला कारण शाळेतलंच एक भटकं कुत्रं. ते रोज वर्गाच्या दाराशी येऊन बसे. बाई मुलांना "खाली बसा" म्हणाल्या की तेही बसे. "चाळीस मुलांत पहिल्या हाकेला बसणारं तेवढं एकच," बाई सांगायच्या. "निवृत्त झाल्यावर विचार केला, आता जे ऐकतात त्यांना शिकवावं." मग त्यांनी शब्दकोश शेजारी ठेवून कुत्र्यांवरची एक-दोन इंग्रजी पुस्तकं वाचली, कोपरगावच्या नातीकडून मोबाईलवर काही व्हिडिओ मागवून पाहिले, आणि हे सगळं आपल्याला पहिलीच्या वर्गामुळं आधीच येतंय असं ठरवून जुन्या शाळेमागच्या मैदानात दर रविवारी सकाळी वर्ग सुरू केला.

वर्ग तीनच कुत्र्यांचा. अण्णांचा अल्सेशियन टायगर, डॉक्टरवहिनींचा पांढरा पामेरियन मोती आणि आमचा वकील. तरी हजेरी दर वेळी होई. आम्ही 'हजर' म्हणायचं. एकदा अण्णा हात वर करून "आहे" म्हणाले तर बाईंनी पुन्हा म्हणायला लावलं.

वर्गाच्या सुरुवातीला सगळ्यांचे मोबाईल एका कापडी पिशवीत जमा व्हायचे आणि पिशवी कडुलिंबाच्या फांदीला टांगली जायची. दुसऱ्याच रविवारी पिशवीत डॉक्टरवहिनींचा फोन वाजला. तिन्ही कुत्र्यांनी वर बघितलं. आम्ही तिघांनीही बघितलं. बाईंनी शिट्टी फुंकली आणि म्हणाल्या, "पालकांचं लक्ष झाडावर, मग विद्यार्थ्यांचं कुठं असणार?"

त्यांचा पहिला नियम, नाव एकदाच घ्यायचं. मला सवय होती "वकील, वकील, अरे वकील, ए वकील" अशी. बाईंनी मला थांबवलं. "तुम्ही त्याला बोलावताय का गल्लीत भाजी विकताय? चार हाका मारल्या की त्याला कळतं, पहिल्या तीन वाया घालवायच्या असतात."

दुसरा नियम असा की लक्ष मागायचं नाही, मिळेपर्यंत थांबायचं. बाईंकडं एक जुनी कंपासपेटी होती. तिच्यात शिळ्या भाकरीचे तुपात परतलेले बारीक तुकडे असत. एक तुकडा कुत्र्याला हुंगवायचा, मग आपल्या दोन डोळ्यांच्या मधोमध धरायचा आणि गप्प उभं राहायचं. कुत्र्यानं आपल्या डोळ्यांत बघितलं की त्याच क्षणी "शाब्बास" म्हणायचं आणि तुकडा द्यायचा. पहिल्या रविवारी मी कपाळाशी भाकरी धरून पुतळ्यासारखा उभा राहिलो. वकिलानं कावळा बघितला, रिक्षा बघितली, मोतीला बघितलं, मोतीच्या सावलीला बघितलं, फाटकातून आत आलेल्या गाईला बघितलं. माझा हात भरून आला. तुपाचा ओघळ नाकावरून खाली आला तेव्हा त्याच्याकडं बघता बघता चुकून वकिलाची नजर माझ्या नजरेला भिडली. मी "शाब्बास" म्हणालो.

"झाला तुमचा तास," बाई म्हणाल्या.

"पण बाई, आत्ताच तर बघितलं त्यानं."

"म्हणूनच. जमलं की थांबायचं. पहिलीतलं पोर काय आणि कुत्रं काय, पाच मिनिटांचं लक्ष. सहाव्या मिनिटाला जो शिकवतो तो स्वतःच्या हौसेसाठी शिकवतो."

शिक्षा कुत्र्याला कधीच नव्हती. होती ती पालकांना, आणि ती सगळ्यांत जास्त वाट्याला आली ढेरे अण्णांच्या. अण्णा म्हणजे लांबवर पसरलेल्या लिंबूबागांचे मालक, पांढरे कपडे, स्वतःची जीप, जीपला ड्रायव्हर. तालुक्यात त्यांना कुणी अरेतुरे करत नसे. पण ते पहिलीत बाईंच्या हाताखाली होते, त्यामुळं बाई त्यांना दत्तू म्हणायच्या. टायगरला त्यांनी बागेच्या राखणीसाठी, खास बिबट्यासाठी म्हणून आणला होता. तो शेळ्यांना घाबरायचा. शेळी दिसली की अण्णांच्या धोतरामागं लपायचा, आणि त्याचा आकार बघता अण्णाच पडायला यायचे.

अण्णा त्याला इंग्रजीत हुकूम द्यायचे. "टायगर, शिट."

"मराठीत बोल दत्तू," बाई म्हणायच्या. "तुलाच जे नीट येत नाही ते त्याला काय येणार?"

अण्णांचं लक्ष मुळातच इकडंतिकडं. एकदा बाईंनी त्यांना विचारलं, "तू पहिलीतसुद्धा खिडकीबाहेरच बघायचास. एवढं काय होतं रे तिथं?"

अण्णा पन्नाशीचे गृहस्थ. त्यांनी मान खाली घातली आणि इतक्या वर्षांनी कबुली दिली. "बाई, चिचंचं झाड हुतं."

एका रविवारी अण्णांनी मोबाईल पिशवीत टाकला, पण कानात ते ब्लूटूथचं बारीक यंत्र तसंच ठेवलं आणि वर्ग चालू असताना बागेतल्या मुकादमाशी हळूच बोलायला लागले. वर्गात शांतता आणि अण्णा टायगरच्या डोळ्यांत बघत म्हणतायत, "औषध मारलं का? कोन्ती टाकी?" टायगर बावचळला. बाई त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"दत्तू, कोनाशी बोलायलाय?"

बोली बदललेली. आम्ही सगळे ताठ झालो.

"न्हाई बाई, आपलं ह्येच... टायगरशी."

"टायगर औषध मारतो व्हय? काढ ते कानातलं. धर कान. दोनी."

आणि ढेरे अण्णा, स्वतःचा ड्रायव्हर जीपमधून बघत असताना, कडुलिंबाखाली दोन्ही कान धरून उभे राहिले. डॉक्टरवहिनींनी तोंडाला पदर लावला. मी आकाशाकडं बघत होतो. थोड्या वेळानं बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "हलू नकोस दत्तू. खाली बघ." टायगर अण्णांच्या पुढ्यात येऊन बसला होता. नीट पाय जुळवून. मान वर करून अण्णांच्या तोंडाकडं टक लावून बघत होता. असं त्यानं आधी कधीच केलं नव्हतं.

"बघ," बाई पुन्हा शुद्ध झाल्या, "तू एका जागी स्थिर उभा राहिलास म्हणून त्याला तू दिसलास. एरवी तुझं काय बघायचं आणि कुठं बघायचं?"

अण्णांनी नंतर मला सांगितलं की बागेत टायगर ऐकेनासा झाला की अजून ते कान धरून उभे राहतात. मजूर आधी हसायचे. आता कुणी बघतही नाही.

बाईंचे यजमान, सुपेकर काका, एस. टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. बाई त्यांचा उल्लेख 'आमचे हे' असा करायच्या. वर्गात त्यांचं काम एकच, लक्ष उडवणं. बाई फक्कीनं जमिनीवर गोल आखायच्या, गोलात कुत्री आणि पालक, आणि काकांनी लांबून काहीतरी करायचं. पहिल्या महिन्यात ते मैदानाच्या पार टोकाला नुसते चालायचे. कुत्र्यांनी तेवढं सहन केलं की दहा पावलं जवळ. मग सायकल. मग सायकलची घंटी. बाई सांगायच्या, "एकदम बाजारात नेऊन उभं केलं तर तुमचंसुद्धा लक्ष लागणार नाही. मोह लांबून जवळ आणायचा असतो."

काकांनी जन्मभर तिकिटं फाडलेली. आता या वयात त्यांना अंगातली कला सापडली. ते दर रविवारी काहीतरी नवीन घेऊन यायचे. एकदा कांदाभजी खात खात आले आणि प्रत्येक भज्यानंतर समाधानाचा मोठा आवाज काढत होते. एकदा स्टीलचं ताट दगडावर टाकलं. एकदा डालग्याखाली कोंबडी आणली आणि ती सुटली, तेव्हा तो तास कोंबडी धरण्यातच गेला. एकदा तर बाईंचंच जुनं पातळ नेसून, छत्री फिरवत आले. कुत्री हलली नाहीत. अण्णा मात्र हसून हसून खाली बसले आणि त्यांना पुन्हा कान धरावे लागले. काका घरी आरशासमोर तालीम करतात, असं बाई तक्रारीच्या सुरात सांगायच्या. पण कंपासपेटीतला एक तुकडा काकांसाठी वेगळा ठेवलेला असायचा, तो मी बघितला होता.

दसरा झाला आणि पुढच्या रविवारी काका सायकलवरून गोलाच्या अगदी जवळून, हात सोडून जाणार होते. बाईंनी आम्हाला आधीच ताकीद दिली. "आज काहीही झालं तरी कुणी मान वळवायची नाही. पालकांनी विद्यार्थ्याकडं, विद्यार्थ्यानं पालकांकडं."

सायकल खडखडत आली. घंटी वाजली. मग माझ्या मागं मोठा आवाज झाला, सायकल आपटल्याचा, आणि काकांचा आवाज आला, "अगं, पडलो."

टायगर हलला नाही. मोती हलला नाही. मी वकिलाच्या डोळ्यांत बघत होतो.

"कुणी बघू नका," बाई म्हणाल्या. त्यांची पाठ तिकडंच होती. "छान चाललंय."

"अगं, खरंच पडलो," काका म्हणाले.

"आमच्या ह्यांची तयारी चांगली आहे आज," बाई आम्हाला म्हणाल्या. मला आजही त्या वर्गाचं आश्चर्य वाटतं. आठवड्यांमागून आठवडे जे जमलं नव्हतं ते त्या मिनिटाला जमलं. तीन कुत्री, तीन माणसं, कुणाची पापणीसुद्धा हलत नव्हती, आणि मागं काका निरनिराळ्या आवाजांत देवांची नावं घेत होते.

शिस्त मोडली ती वकिलानंच. त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं, मग मान तिरकी केली आणि हातातली दोरी हिसडून पळाला. दिवाळी जवळ आली होती. मी मागं वळलो तेव्हा काका मैदानाच्या कडेच्या चरात पडले होते, सायकल अंगावर, आणि वकील त्यांचं तोंड चाटत होता. मधेच आमच्याकडं बघून भुंकत होता. काकांचा उजवा हात मनगटातून भलत्याच दिशेला वळला होता.

बाई धावल्या. पायांतला एक कॅनव्हासचा बूट मागंच राहिला. "आवं, मग नीट वरडायचं न्हाई का," एवढंच त्या म्हणाल्या आणि चरात उतरून काकांचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं. अण्णांच्या जीपमधून काकांना दवाखान्यात नेलं. काका वाटेत म्हणत होते, "पण काम झकास झालं ना? कुणी बघितलं न्हाई ना?"

संध्याकाळी बाई दुकानात आल्या, काकांच्या कागदांच्या झेरॉक्स काढायला. काम झाल्यावर त्यांनी पिशवीतून हजेरीपुस्तक काढलं आणि काउंटरवर उघडून माझ्यापुढं सरकवलं. वकिलाच्या नावापुढं त्या दिवसाची फुली होती, म्हणजे नापास. पण शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'अभ्यासात कच्चा. स्वभाव फार चांगला.'

"नियम तो नियम," बाई म्हणाल्या. मग खाली वाकून वकिलाला तुकडा दिला. एक दिला, मग कंपासपेटीच पालथी केली. "आज मला सगळे विद्यार्थी फार हुशार वाटत होते. माझं चुकलं." हे त्या मला म्हणाल्या की त्याला, ते कळलं नाही. सुनंदा आत बसून ऐकत होती. बाई गेल्यावर तिनं मला विचारलं, "या फुलीचं आता काय?"

"वार्षिक परीक्षा आहे," मी म्हणालो. "दिवाळीच्या आधीच्या आठवडे बाजारात."

परीक्षा बाईंनी सोपी ठेवली नव्हती. बाजाराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कुत्र्याला चालवत न्यायचं. न ओढता, न थांबता, वाटेत कशालाही तोंड न लावता. बाई शेवटच्या टोकाला खुर्ची टाकून हजेरीपुस्तक मांडीवर घेऊन बसल्या. शेजारी काका, हात गळ्यात अडकवलेला, डाव्या हातानं घंटी वाजवायला. सुनंदा भाजीची पिशवी घेऊन मुद्दाम आली होती. मुक्तानं तिच्याकडं न बघता तिचा हात घट्ट धरला होता.

पहिला टायगर निघाला. भाजीच्या रांगेतून तो साहेबासारखा चालला, पण शेळ्यांच्या बाजारापाशी आल्यावर अण्णांच्या दोन्ही पायांवर बसला. अण्णांनी भर बाजारात कान धरले. टायगरनं त्यांच्याकडं बघितलं, उठला, आणि शेळ्यांकडं पाठ करून उलटा चालत ती जागा ओलांडली. बाईंनी चष्मा पुसला आणि त्याला काठावर पास केला. मोतीला डॉक्टरवहिनींनी गर्दी बघून कडेवर घेतलं. बाईंनी लिहिलं, 'उचलून आणलेला विद्यार्थी गैरहजर.'

मग आम्ही. पहिली वीस पावलं ठीक गेली. पुढं सुकटवाल्या बाईची पथारी. वकिलाचं नाक वर झालं, मान तिकडं गेली, मग एक पाय. माझ्या तोंडात चार हाका जमल्या होत्या. मी तीन गिळल्या आणि जागेवर थांबून एकदाच म्हणालो, "वकील."

त्यानं सुकटाकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

"शाब्बास," मी म्हणालो. शेजारून जाणाऱ्या एका खऱ्या वकीलसाहेबांनी "आभारी आहे" म्हटलं, पण मी तिकडं बघितलं नाही.

त्यानंतर कोंबड्यांची डालगी आली, भेळेची गाडी आली, ढेकणांचं औषध विकणाऱ्याचा कर्णा अगदी कानाशी आला. वकील माझ्या गुडघ्याला लागून चालत होता आणि मान वर करून माझ्या चेहऱ्याकडं बघत होता. मी मनात म्हणत होतो, याची नजर आता सुटेल, मग सुटेल. ती सुटत नव्हती. मलाही मग दुसरीकडं बघवेना. माझ्याकडं इतकं कुणी कधी बघितलं असेल असं वाटत नाही, लग्नातसुद्धा. बाजाराचा आवाज कमी कमी होत गेला, आणि आम्ही दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघत सरळ जाऊन कुंभारीणमावशींच्या पणत्यांच्या ढिगात घुसलो.

घुसलो म्हणजे मी घुसलो. वकील वेळेवर थांबला होता.

मी पणत्यांत बसलेला. मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या. "आवं, मानसानं म्होरं बगून चालावं का न्हाई? कुत्र्याकडं काय बगत चालायलाय?"

वकील फुटक्या पणत्यांच्या कडेला नीट पाय जुळवून बसला होता आणि अजून माझ्याकडंच बघत होता. शेवटचं टोक दहा पावलांवर होतं. मी उठलो, पँटला लागलेली लाल माती झटकली, आणि ती दहा पावलं आम्ही चाललो. काकांनी घंटी वाजवली ती थांबवेचनात.

बाईंनी बराच वेळ लिहिलं. मग मोठ्यानं वाचलं, "वकील, पास. पालकांना पुन्हा पहिलीत बसवावे."

सुनंदा हसायला लागली. पिशवी खाली ठेवून, डोळे पुसत, तिला थांबवता येईना. मग ती मावशींच्या मदतीला बसली आणि धड-फुटक्या सगळ्या पणत्या तिनं आमच्यासाठी बांधून घेतल्या. घरी जाताना म्हणाली, "दादाला कळवते, वकील येत नाही म्हणून." मुक्ता वाटेतच वकिलाच्या गळ्यात पडली. त्या दिवाळीत आमच्या दारात ज्या पणत्या होत्या त्यांतली एकही सरळ उभी राहत नव्हती.

काकांचा हात नीट जुळला नाही. बाईंच्या मुलीनं हट्ट धरला आणि उन्हाळ्यात दोघं कोपरगावला तिच्याकडं राहायला गेले. अण्णांनी तीन-चार रविवार वर्ग चालवून बघितला, पण त्यांनाच कुणी कान धरायला सांगणारं नव्हतं, मग तोही मोडला. बाईंचे फोन यायचे. माझं, सुनंदाचं कसं चाललंय ते शेवटी विचारायच्या, आधी वकील. दोन पावसाळ्यांनंतर एका सकाळी त्या गेल्या. झोपेतच गेल्या, काकांनी हाक मारली तोवर उशीर झाला होता. काकांनी डाव्या हातानं लिहिलेलं पत्र आलं होतं.

मला त्यांचं शेवटचं दर्शन झालं ते त्याच्या आधीच्या हिवाळ्यात. सुनंदाच्या मावसभावाच्या लग्नाला आम्ही कोपरगावला गेलो होतो. परतताना बाईंकडं जायचं ठरवलं होतं, पण वरातीत उशीर झाला आणि वर कारखान्याचा हंगाम. गोदावरीच्या पुलाच्या अलीकडं उसाच्या ट्रॉल्या एकामागे एक अडकल्या होत्या आणि आमची गाडी त्यांच्या मधोमध. तेवढ्यात डाव्या बाजूनं, ऊस आणि आमच्या गाडीच्या मधल्या फटीतून एक स्कूटर पुढं सरकली. चालवत होती कॉलेजातली एक मुलगी, त्यांची नातच असावी, आणि मागं एका बाजूला पाय सोडून सुपेकर बाई बसल्या होत्या. डोक्यावर भलं मोठं लाल हेल्मेट, पायांत पांढरे बूट, मांडीवर बाजाराची पिशवी. पिशवीतून एका पांढऱ्या बदकाची मान वर आलेली.

मी काच खाली करून "बाई" म्हणालो. एकदाच. त्यांनी हेल्मेटसकट मान वळवली, ओळखलं, आणि चेहरा एकदम उजळला. त्या काहीतरी म्हणाल्या. तेवढ्यात पुढच्या ट्रॅक्टरनं धूर सोडला आणि स्कूटर निघाली.

सुनंदा म्हणते, बाई म्हणाल्या, "बघत काय बसलाय, घरी या." मी खिडकीशी होतो. मला स्पष्ट ऐकू आलं, बाई म्हणाल्या, "बदक ऐकतंय." यावरून आमचं अजून भांडण होतं. बदकाचं म्हणाल तर ते त्या वेळी तरी ऐकत नव्हतं. बाईंच्या काखेखालून मान मागं काढून ते आमच्याकडं बघत होतं. बाईंनी एक हात उंच केला, दुसऱ्यानं बदकाचं तोंड आपल्याकडं वळवलं, आणि दोन्ही बाजूंच्या उसामधून स्कूटर पुलावर चढली.